मालक नसलेली गाडी

बोरखेडीत शोभा सोमकुंवरच्या रागाला सगळे वचकून असत. रेशनच्या दुकानात काटा हलका दिसला की ती धान्य परत पोत्यात ओतायची आणि पुन्हा तोलायला लावायची. लस टोचायला कोणी लेकरू आणलं नाही, तर त्याच्या आईच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची आणि हलायची नाही. नवरा तरुणपणीच वारला होता. आशा कार्यकर्तीचं काम करत आणि हंगामात कापूस वेचत तिनं प्रतीकला वाढवलं. तो आता पांढुर्ण्याला एका दुकानात कामाला होता आणि बायको-लेकरांसह तिथंच राहायचा. शोभाचं नाक कायम रागानं फुगलेलं, असं लोक म्हणायचे. पण कोणाच्या सुनेच्या पोटात कळ आली की घरचं माणूस आधी तिच्याच दारात येऊन उभं राहायचं.

सावली रुग्णसेवा समितीत ती आली तीही अशीच. शेतात साप चावलेल्या एका गड्याला मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून सौंसरला नेत होते, तो रस्त्यातच गेला. ते आसपासच्या गावांना फार लागलं. तिगावचे निवृत्त शिक्षक वामन ढोके गुरुजी आणि सौंसरचे संत्र्याचे व्यापारी भाऊराव कळंबे यांनी मनावर घेतलं की आपल्या भागाची एक रुग्णवाहिका पाहिजे. कापूस वेचणाऱ्या बायांनी एका दिवसाची मजुरी दिली, बागवाल्यांनी संत्र्याच्या पेट्या दिल्या, विहारात आणि मंदिरात दोन्हीकडे झोळी फिरली. समिती नोंदवायला सात माणसं लागत होती. सहा पुरुष झाले, मग एक बाई असावी म्हणून शोभाचं नाव घातलं.

त्या दिवशी गुरुजींनी बाकीच्या सहाही जणांना समोर बसवून बजावलं होतं. ही गाडी आपली नाही, आपण नुसते राखणदार. भाडं घेऊ, त्यातून डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार भागवू, त्यावर काही उरलं तर ते पुन्हा गाडीतच घालू. आपल्यापैकी कोणाच्याही घरी त्यातलं काही जायचं नाही. उद्या समिती मोडली तरी गाडी अशाच दुसऱ्या कामाला द्यायची, वाटून घ्यायची नाही. शोभाला तेव्हा वाटलं, एवढं काय सांगायचं त्यात, पेशंटची गाडी घरी नेणारं माणूस कोण असेल.

सुरुवातीची वर्षं गाडी सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहायची. भाऊराव सचिव झाले आणि त्यांनी राबून काम केलं, हे त्यांचा दुश्मनही नाकारणार नाही. करोनाच्या दिवसांत ड्रायव्हर आजारी पडला तेव्हा त्यांनी स्वतः तोंडाला फडकं बांधून नागपूरच्या फेऱ्या मारल्या. घरचे सख्खे भाऊ हात लावायला तयार नव्हते अशी माणसं त्यांनी उचलून गाडीत घातली. त्यानंतर मात्र सगळं हळूहळू घसरत गेलं. उन्हानं गाडीचा रंग जातो म्हणून ती भाऊरावांच्या गोदामाच्या टिनाखाली उभी राहू लागली. मग मागच्या काचेवर समितीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात भाऊरावांचं नाव आलं. ड्रायव्हर राजूला सकाळी आधी त्यांच्या नातवंडांना शाळेत सोडावं लागायचं. वर्षाची बैठक व्हायची बंद झाली. अध्यक्ष वारले, त्यांच्या जागी भाऊरावांचे साळे आले. गावोगाव लोक तिला भाऊरावची गाडी म्हणू लागले, आणि शोभासुद्धा तसंच म्हणू लागली.

बोरखेडीतल्याच राहुलची बायको अश्विनी पहिलटकरीण होती. शनिवारी दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि शोभानं हात लावताच ओळखलं की बाळ आडवं आहे, दवाखान्याशिवाय गत नाही. सरकारी गाडी आधीच दुसऱ्या पेशंटला घेऊन छिंदवाड्याच्या वाटेवर होती. तिनं राजूला फोन लावला. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. भाऊरावांना लावला, तोही तसाच. राहुलची आई वच्छला अंगणात येरझाऱ्या घालत होती. शेवटी संत्र्याच्या पेट्या भरून चाललेली एक पिकअप राहुलनं रस्त्यात आडवं होऊन थांबवली. पिकअपवाला भला माणूस, त्यानं पेट्या तिथंच शेताच्या धुऱ्यावर उतरवल्या. त्या उतरवायला जो वेळ गेला तो गेलाच.

पिकअपच्या पत्र्यावर गोधडी टाकून अश्विनीला निजवलं. शोभा तिच्या पायाशी, वच्छला डोक्याशी. रस्त्याच्या खड्ड्यांत ती पोर गुरासारखी हंबरत होती. दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांनी वेळ न घालवता आत घेतली आणि तिला वाचवलं. बाळ वाचलं नाही. मुलगी होती, भरल्या अंगाची, डोक्यावर दाट जावळ असलेली. नर्सनं ती कापडात गुंडाळून शोभाच्या हातात दिली, कारण वच्छला भिंतीला टेकून खाली बसली होती आणि राहुल बाहेर कुठे निघून गेला होता. एवढ्या वर्षांत शोभाच्या हातून शंभर लेकरं गेली असतील आंघोळीला, लसीला, वजनाला. हे एक असं होतं की ज्याच्याबद्दल डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणायला पाहिजे होतं.

गाडी कुठं होती ते संध्याकाळी राजूनंच येऊन सांगितलं. भाऊरावांच्या घरचा जामसांवलीच्या मारुतीला भंडारा होता. मोठी पातेली, शेगड्या, पत्रावळींचे गठ्ठे गाडीत भरले होते. जागा व्हावी म्हणून स्ट्रेचर काढून गोठ्यात ठेवलं होतं. तिथं भोंगा लागलेला, त्यात फोन कोणाला ऐकू येतो. राजू हे सांगताना रडत होता. शोभानं त्याला पाणी दिलं नाही की बसही म्हटलं नाही. तो गेल्यावर तिला वाटलं, याच्यावर कायले चिडायचं, हा तर सांगकाम्या. पण राग असा होता की समोर येईल त्याला जाळील.

बाळाला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच भाऊरावांच्या घरी गेली. ते आरडाओरडा करतील अशी तिची तयारी होती. उलट त्यांनी खुर्ची पुढं केली, सुनेला चहा टाकायला सांगितलं, फार वाईट झालं म्हणाले, आणि त्यांचे डोळेही ओलावले. शोभानं चहाला हात लावला नाही.

"पेशंटची गाडी भंडाऱ्याले कशी गेली, भाऊरावजी?"

भाऊराव समजुतीच्या सुरात बोलू लागले. इतकी वर्षं आपण या गाडीमागे आपला धंदा सोडून पळतो आहोत. समितीकडून एक छदाम घेत नाही. पगार नाही, भत्ता नाही, कमाई नाही. मग वर्षातून एखाद्या वेळी देवाच्या कामाला गाडी लागली, तर एवढा हक्क तरी असावा की नाही. त्या दिवशीच बाईला कळा याव्यात हे नशीब, त्याला कोण काय करणार.

"मी नफा घेऊन राहिलो का, सांग ना," ते म्हणाले. "ही सेवा हाये, शोभाबाई. सेवेचा हिशोब कोनी मागत नाई."

शोभा उठून उभी राहिली.

"नफा म्हंजे नुसता पैसाच असते का? टिनाखाली गाडी तुमच्या, नातवंडं शाळेत तिच्यातून जातात, भंडाऱ्याची पातेली तिच्यातून जातात, काचेवर नाव तुमचं. हे सारं घरीच तं गेलं. फुकट काम करता म्हनून गाडी तुमची होत नाई. पगार घ्या, मी नाई म्हनत नाई, साऱ्याईसमोर ठरवून घ्या. पन मालक नोका बनू."

भाऊराव तरीही चिडले नाहीत. दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले की तुझं नाव समितीत आहे हे खरं, पण इतक्या वर्षांत एका बैठकीला तरी आलीस का, आता दुःखात आहेस म्हणून बोलतेस, घरी जा. शोभाला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. कारण बैठका होत होत्या तेव्हाही, मजुरी बुडते म्हणून, ती जात नसे.

तिगावला वामन गुरुजींकडे ती बसनं गेली. गुरुजी थकले होते, एक डोळा दिसत नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उसासा टाकला. भाऊरावशी भांडून काय साधणार, तो हटला तर गाडी चालवणार कोण, असं त्यांचं म्हणणं पडलं. शोभा त्यांच्या अंगणात उभ्या उभ्या बोलली की गुरुजी, तुम्हीच आम्हांला राखणदार म्हणाला होतात, राखणदार झोपला की काय होते ते मी हातात घेऊन पाह्यलं आहे. गुरुजींनी मान खाली घातली. त्यांच्या बायकोनं तिला जेवून जा म्हटलं, पण ती थांबली नाही.

बाकीच्यांकडेही तिनं खेटे घातले. एकानं सांगितलं, भाऊरावनं माझ्या बापाला करोनात नेलं, मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत स्वतःशीच धुसफुसत राहिली. उपकार खरे होते म्हणूनच ते इतके जड झाले होते.

मग भाऊरावांच्या धाकट्या मुलाचं, कुणालचं लग्न निघालं. नवरी नागपूरची. वरात निघायच्या सकाळी शोभा आणि वच्छला सौंसरला गोदामासमोर पोचल्या, तेव्हा रुग्णवाहिकेत थंड पेयांच्या पेट्या आणि बँडवाल्यांची पेटारी चढत होती. स्ट्रेचर पुन्हा बाहेर काढून भिंतीला उभं केलं होतं. शोभानं ते पाहिलं. तिनं एकीकडून स्ट्रेचर धरलं, वच्छलानं दुसरीकडून. पेट्या चढवणाऱ्या पोरांना वाटलं, कोणी पेशंट आहे, म्हणून ते बाजूला सरले. दोघींनी आतल्या पेट्या खाली ठेवल्या, स्ट्रेचर जागेवर बसवलं, आणि शोभा त्याच्यावर चढून बसली. वच्छला बाजूच्या बाकावर.

कुणाल हळद लागलेल्या अंगानं बाहेर आला. आधी त्यानं मावशी, मावशी करून विनवलं. पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली. मग भाऊरावांच्या साळ्यांनी दोन शिव्या हासडल्या आणि शोभाच्या दंडाला धरायला हात पुढे केला. वच्छलानं तो हात मनगटापाशी असा धरला की त्यांना तो सोडवून घ्यावा लागला. वच्छला आयुष्यभर कोणासमोर तोंड उघडणारी बाई नव्हती. त्या दिवशीही ती फक्त बसल्या जागेवरून त्यांच्याकडे पाहत राहिली.

साळ्यांनीच पोलिसांना बोलावलं. पोलीस ठाण्याचे टीआय, म्हणजे तिथले इन्स्पेक्टर साहेब, हिंदी मुलखातले, पण मराठी समजणारे. त्यांनी आत डोकावून दोघींना पाहिलं आणि विचारलं, तक्रार कोणाची. भाऊराव फेटा सावरत पुढे आले आणि म्हणाले, माझी, या बायका माझ्या गाडीत जबरदस्तीनं घुसल्या आहेत. साहेबांनी गाडीचे कागद मागितले. राजूनं काढून दिले. साहेबांनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"इसमें तो समिती लिखा है. मालिक कौन है?"

"मी सचिव हाये," भाऊराव म्हणाले.

"सचिव नहीं पूछा. मालिक."

भाऊरावांनी साळ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात शोभा आतून म्हणाली, "मालक कोनीच नाई, साहेब. ते बी नाई, मी बी नाई. मी त्या समितीची मेंबर हाये, ते बी मेंबर हाये. ही गाडी पेशंटची हाये. एखादा पेशंट असंन तं मी आत्ता उतरतो. हळदीचा पेशंट चालनार नाई."

पाहुण्यांपैकी कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं भाऊरावांचा चेहरा पडला. साहेबांनी कागद परत दिले. आपसात मिटवा, बैठक घ्या, मेंबराला तिच्याच समितीच्या गाडीतून मी ओढून काढू शकत नाही, असं सांगून ते निघून गेले. वरातीसाठी ऐनवेळी एक टेम्पो मागवावा लागला. शोभा दुपारपर्यंत तिथंच बसून होती. मग राजूनं कोणी न सांगता गाडी सुरू केली आणि दवाखान्याच्या फाटकाशी नेऊन लावली.

बैठक झाली ती संत्रा मंडीच्या शेडमध्ये. सहा-सात जणांची बैठक, पण ऐकायला आसपासच्या गावांतली माणसं जमली. वामन गुरुजी काठी टेकत आले, आणि शोभाला त्यांचं येणं पाहून नवल वाटलं. भाऊरावांनी उभं राहून किल्ली टेबलावर ठेवली. मी चोर ठरलो, ते म्हणाले, आता तुम्हीच चालवा, माझा राजीनामा घ्या. लगेच लोक उठले. नाही नाही, भाऊराव, तुमच्याशिवाय कोण आहे, चूक माणसाकडूनच होते. बोरखेडीचेही दोघेतिघे त्यात होते. राहुलचा चुलता होता.

शोभाला भाऊरावांपेक्षा या लोकांचा संताप आला. ती उठली तेव्हा गुरुजींनी हातानं खूण केली की सबुरीनं घे. तिनं सबुरीनं घेतलं नाही. ती म्हणाली, की तुमच्या बायांनी दिवसभर बोंडं वेचून जी मजुरी दिली ती भाऊरावला दिली होती का. त्यांनी करोनात केलं ते कोणी विसरत नाही, त्यासाठी त्यांच्या पाया पडा, घरी बोलावून जेवू घाला, पण उपकार फेडायला दुसऱ्याच्या लेकराची गाडी देऊ नका. आणि ती रडू लागली, जे तिला अजिबात नको होतं. रडत रडतच तिनं वच्छलाच्या नातीचं सांगितलं, जावळाचं सांगितलं. राहुलचा चुलता खाली बसला.

गुरुजींनी किल्ली उचलली. राजीनामा मंजूर करावा असं मी मांडतो, ते म्हणाले, आणि भाऊराव पुढेही मेंबर राहावेत, कारण त्यांच्याइतकं काम कोणी केलं नाही. हात वर झाले. भाऊरावांना हे अपेक्षित नव्हतं. ते निघून गेले आणि पुन्हा कधी बैठकीला आले नाहीत. बाजारात शोभा दिसली की रस्ता बदलतात. साळ्यांनीही अध्यक्षपद सोडलं. गुरुजी अध्यक्ष झाले, शोभा सचिव.

मग तिला कळलं की भांडणं तर आता सुरू झाली. राजूला नीट पगार ठरवला तर लोक म्हणाले, सेवेत पगार कसला. शोभानं विचारलं, त्याच्या घरची चूल सेवेवर पेटते का. गाडीचं भाडं लावलं तर गुणवंता नावाचा एक बागवाला दवाखान्याच्या फाटकाशी तिच्यावर तणतणला, पाटीवर ना नफा लिहिता आणि पैसे मागता, शरम नाही वाटत. शोभानं त्याला तिथंच उभं करून समजावलं, जरा चढ्याच आवाजात. पैसे घेऊ, पैसे उरले तर तेही चांगलंच, उरल्याशिवाय टायर कुठून येणार. फक्त उरलेलं कोणाच्या खिशात जाणार नाही, माझ्याही नाही. तिची एवढी बोलणी खाऊनही गुणवंताला पटलं की नाही कोण जाणे. भाडं मात्र त्यानं दिलं. ज्याच्याजवळ खरंच नसे, त्याला ती फुकट पाठवायची, आणि त्यावरूनही लोक बोलायचे.

दिवाळीच्या आधी प्रतीक पांढुर्ण्याहून आला. बायकोच्या माहेरून, नागपूरहून, फ्रीज आणायचा होता. पेशंट सोडून गाडी रिकामीच परत येते, त्यात टाकून आणू, डिझेल तर जळणारच आहे, असं त्यानं सहज सांगितलं. शोभा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"नाई," ती म्हणाली.

प्रतीकला आधी थट्टा वाटली. मग त्यानं समजावलं की कोणाचं काही नुकसान नाही, पेशंट नसताना आणायचा. शोभा म्हणाली की भाऊरावनंही पहिल्या वेळी असंच म्हटलं असेल. आईनं आपल्याला भाऊरावच्या रांगेत बसवलं हे त्याला लागलं.

"अख्खं सौंसर तुले शिव्या देऊन राहिलं. घरी एक वस्तू येत नाई, पगार नाई, मान नाई. मंग सचिव होऊन तुले फायदा काय झाला, आई?"

"काईच नाई," शोभा म्हणाली. "होऊच नाई पाह्यजे."

तो जेवला नाही. ताटावरून उठला, मोटरसायकल काढली आणि परत पांढुर्ण्याला गेला. फ्रीज त्यानं टेम्पोनं आणला, आणि त्या दिवाळीला सून-नातवंडं बोरखेडीला आली नाहीत. शोभानं करंज्या केल्या होत्या. दोन दिवस वाट पाहिली, मग त्यातल्या अर्ध्या वच्छलाकडे दिल्या आणि अर्ध्या फाटकाशी राजूला. पोरावरचा राग तिच्या मनातून गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाईल असंही तिला वाटत नव्हतं.